गोल्डन इअररिंगचा 'मूनटॅन': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या युरोपीय रॉकबद्दल मी मराठीत लिहायला लागलो, तेव्हापासून सर्वांत जास्त प्रश्न याच एका अल्बमवर येतात. बहुतेकांनी 'रडार लव्ह' ऐकलेलं असतं आणि बाकी काहीच ऐकलेलं नसतं. त्याच त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर. एकाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. 'मूनटॅन' नेमका कोणाचा आणि कधीचा अल्बम?

नेदरलँड्समधल्या गोल्डन इअररिंग या हार्ड रॉक बँडचा, १९७३ सालचा. मायदेशी तो पॉलिडोरने काढला, ब्रिटन-अमेरिकेत ट्रॅक या कंपनीच्या नावाने आला. 'रडार लव्ह' याच अल्बममधलं. मूळ डच रेकॉर्डवर फक्त पाच गाणी आहेत आणि एकूण वेळ साधारण ३६ मिनिटं. यावरून अल्बमचा स्वभाव लक्षात येईल: गाणी थोडी, पण लांब. त्यांतली दोन नऊ मिनिटांच्या पुढे जातात.

२. हा बँड तर साठच्या दशकातला ना? मग १९७३ सालच्या अल्बमला लोक 'सुरुवात' का म्हणतात?

जगासाठी ती सुरुवात होती, म्हणून. घरी तोवर बारा वर्षं झाली होती. १९६१ साली डेन हाखमध्ये, म्हणजे आपण ज्याला हेग म्हणतो त्या शहरात, शेजारी राहणाऱ्या दोन मुलांनी बँड काढला. जॉर्ज कोयमान्स १३ वर्षांचा होता, रिनस गेरिटसन १५ वर्षांचा. (पुढे जॉर्जचं लग्न रिनसच्या बहिणीशी झालं. शेजार पक्का झाला.) १९६५ साली 'प्लीज गो' गाजलं, १९६८ साली मायदेशी पहिला क्रमांक मिळाला, १९६९ साली अमेरिकेचा दौराही झाला. त्याच वर्षी त्यांनी बर्ड्स या अमेरिकन बँडचं 'एट माइल्स हाय' हे गाणं एकोणीस मिनिटांपर्यंत ताणून रेकॉर्डची अख्खी बाजू भरली. १९७० साली 'बॅक होम' पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं.

म्हणून 'मूनटॅन'ला पदार्पणाचा अल्बम समजून ऐकू नका. बारा वर्षं लग्नाच्या हॉलपासून मोठ्या थिएटरांपर्यंत वाजवलेल्या लोकांचा हा अल्बम आहे. आधीच्या रेकॉर्डवर बीटल्स, बर्ड्स, जेथ्रो टल यांच्या खुणा जागोजागी दिसतात. इथे त्या खुणा पुसल्या गेल्या आहेत. मला या अल्बमबद्दल एकच गोष्ट सांगायला दिली, तर मी ही सांगेन.

३. 'सोन्याचं कानातलं' हे बँडचं नाव कसं काय पडलं?

सुरुवातीचं नाव होतं टॉर्नेडोज. त्याच नावाचा एक ब्रिटिश बँड आधीच आहे हे कळल्यावर ते बदलावं लागलं. त्या काळी ते कार्यक्रमाची सुरुवात 'गोल्डन इअररिंग्ज' या धूनने करायचे. ही धून ब्रिटनच्या हंटर्स या बँडने वाजवली होती. मूळ गाणं त्याहून जुनं, चाळीसच्या दशकातलं, पेगी लीच्या आवाजात लोकप्रिय झालेलं. तेच नाव बँडने घेतलं. साठच्या दशकाच्या अखेरीस शेवटचा 'ज' गळला आणि 'गोल्डन इअररिंग' उरलं. त्यामुळे जुन्या रेकॉर्डवर अनेकवचन दिसलं तर ती छपाईची चूक नाही, आणि बँडही दुसरा नाही.

४. 'मूनटॅन'चा अर्थ काय?

उन्हात बसून गोऱ्या कातडीला जो तांबूस रंग चढतो त्याला इंग्रजीत 'सनटॅन' म्हणतात. इथे सूर्याच्या जागी चंद्र घातला आहे. मराठीत सांगायचं तर 'चांदण्यात रापलेलं अंग'. रात्री जागणाऱ्या, रात्री गाडी चालवणाऱ्या, रात्रीच्या रेडिओच्या माणसांचा हा अल्बम असल्याने नाव मला फार चपखल वाटतं.

५. यात वाजवतंय कोण?

चौघं. गिटार आणि गाणं जॉर्ज कोयमान्स. बास आणि कीबोर्ड रिनस गेरिटसन. गायन, बासरी आणि सॅक्सोफोन बॅरी हे (इथे 'हे' हे आडनाव आहे, सर्वनाम नाही, गोंधळ नको म्हणून पुढे नुसतं बॅरी लिहितो). ड्रम सीझर झाउडरवाइक. बॅरी १९६७ च्या सुमारास आला, सीझर १९७० साली. त्यानंतर पाहुणे आले आणि गेले, पण हे चौघं अखेरपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं, एकत्र राहिले. रॉकमध्ये इतका टिकलेला संच क्वचितच सापडेल.

या अल्बमवर बर्टुस बोर्गर्स यांचा सॅक्सोफोनही आहे. 'मूनटॅन'वर याप हा ड्रमर आहे का, असंही काही जण विचारतात. नाही. याप एगरमाँट साठच्या दशकातला ड्रमर, तो १९६९ साली बाहेर पडला. पुढे तो निर्माता झाला आणि १९८१ साली जगभर वाजलेली 'स्टार्स ऑन ४५' ही जुन्या गाण्यांची माळ त्यानेच गुंफली.

६. ही डच नावं उच्चारायची कशी?

मराठी माणसाला हे इंग्रजांपेक्षा सोपं जातं. डच 'जी' बहुतेक वेळा घशातून येणाऱ्या 'ख'सारखी असते, म्हणून 'डेन हाख'. 'गेरिटसन' हे खरं तर 'खेरिटसन'च्या जवळ जातं. मी रूढ झालेलं रूप लिहितो. 'कोयमान्स'मधला 'ओ' लांब आहे, त्याचं 'कूमन्स' करू नका. 'झाउडरवाइक'मधला पहिला स्वर 'आउ' आणि 'आय' यांच्या मधे कुठेतरी पडतो आणि मराठीत तो लिहिताच येत नाही. रेकॉर्ड मागवताना यातलं काही अडत नाही, पण ज्यांचं संगीत आपण प्रेमाने ऐकतो त्यांची नावं नीट घ्यावीत असं मला वाटतं.

७. 'रडार लव्ह'मध्ये गोष्ट काय आहे?

एक माणूस रात्रभर गाडी हाकतो आहे. स्टिअरिंगवर हात घामाने ओले झाले आहेत. दूर असलेली त्याची प्रेयसी त्याला बोलावते आहे, फोनने नाही, पत्राने नाही, मनातून. दोघांमध्ये अदृश्य लहरी आहेत आणि त्यांचा त्याला भरवसा आहे. यालाच तो 'रडार' म्हणतो. पहाटेचे साडेचार झालेत, रेडिओवर एक जुनं विसरलेलं गाणं लागलंय, आणि तो गिअर बदलतो आहे.

गाणं कोयमान्स आणि बॅरी यांचं. शब्द इंग्रजीत असले तरी ते साधे, जवळजवळ बोलल्यासारखे आहेत. एका माणसाच्या हातावरचा घाम, घड्याळ, रेडिओ एवढ्यावरच अख्खी रात्र उभी राहते.

८. शेवटी तो मरतो का? आमच्यात यावरून वाद आहे.

माझ्या मते हो. गाण्यात हे उघड म्हटलेलं नाही, म्हणून वाद होणारच. शेवटच्या कडव्याकडे नीट लक्ष द्या. तो जवळपास पोहोचला आहे, आता जपून चालवायला हवं असं स्वतःला बजावतो, आणि एक शेवटची गाडी ओलांडायला जातो. पुढची ओळ गाड्यांच्या रांगेची आहे, आणि ती रांग अगदी हळू सरकते आहे. अपघाताच्या जागेपाशी वाहनं अशीच सरकतात. मग रेडिओवर तेच जुनं गाणं, आणि बातमीदार नेहमीच्या सुरात आणखी एक 'रडार लव्हर' गेल्याचं सांगतो.

यातली खरी कमाल मला त्यानंतर दिसते. बातमीनंतरही ध्रुवपद परत येतं. माणूस गेला, लहरी चालूच आहेत. ज्यांना तो जिवंत आहे असं वाटतं ते याच परत येणाऱ्या ध्रुवपदाचा दाखला देतात. त्यांचंही म्हणणं मी समजू शकतो, पण ती हळू सरकणारी रांग मला विसरता येत नाही.

९. गाण्यात ब्रेंडा लीचं नाव येतं. ती कोण?

अमेरिकन गायिका. आवाज दमदार, पन्नाशी-साठीच्या दशकांत फार लोकप्रिय. 'कमिंग ऑन स्ट्राँग' हे तिचं १९६६ सालचं गाणं. 'रडार लव्ह'मधली ती ओळ दोन्ही अर्थांनी ऐकता येते: रेडिओवर ब्रेंडा ली जोरात लागली आहे, किंवा तिचं ते गाणं लागलं आहे. प्रश्न ७ मध्ये ज्या विसरलेल्या गाण्याचा उल्लेख केला, ते हेच.

१०. 'रडार लव्ह' इतकं पकड का घेतं? गिटारचा तुकडा तर साधाच आहे.

कारण हे गाणं गिटारचं नाही, बास आणि ड्रमचं आहे. हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, म्हणून जरा सविस्तर.

सुरुवातीचे आघात झाले की सगळं मागे सरतं. उरतात रिनसचा बास आणि सीझरचे ड्रम. लय 'शफल'ची आहे: प्रत्येक मात्रेचे तीन भाग पाडा आणि मधला गाळा, म्हणजे जो एक लांब आणि एक आखूड असा झोका येतो, तो. अशी लय सहसा ब्लूजमध्ये संथपणे डुलते. इथे ती पळते, आणि पळतानाही डुलणं सोडत नाही. हायवेवर एकसारख्या वेगाने धावणाऱ्या गाडीत अंगाला जी बारीक थरथर जाणवते, ती या दोघांनी नुसत्या ठेक्यातून आणली आहे. तिच्यावर बॅरी कडवी जवळजवळ दबक्या आवाजात म्हणतो. ध्रुवपदाला सगळे एकदम कोसळतात आणि लगेच परत रिकामी जागा.

त्या रिकाम्या जागेकडे लक्ष द्या. कोयमान्ससारखा गिटारवादक कडव्यांत इतकं कमी वाजवतो, हा त्याचा संयम आहे. १९७३ साली बहुतेक हार्ड रॉक बँड गिटारचे थर रचत होते. इथे गिटार वाट बघते. मधल्या भागात पितळी वाद्यं येतात, मग ड्रमचा मोकळा तुकडा, आणि त्यातून बास पुन्हा वर येतो तेव्हा अंगावर काटा येतो. एकदा फक्त बास धरून अख्खं गाणं ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर हे ऐकूच येणार नाही. साधा का होईना, हेडफोन लावा.

रंगमंचावर याच गाण्यात सीझर ड्रमच्या संचावरून उडी मारून पुढे यायचा. प्रेक्षक त्या क्षणाची वाट बघत. वय वाढलं तरी ही उडी त्याने बरीच वर्षं सोडली नाही.

११. बाकीच्या गाण्यांत काय आहे? की एकाच गाण्यासाठी अल्बम घ्यायचा?

'कँडीज गोइंग बॅड' ने डच रेकॉर्ड सुरू होते. सरळ, जाड, चढा रॉक. अर्ध्यानंतर गाणं संपल्यासारखं वाटतं आणि मग सावकाश, अंधाऱ्या वाद्यमेळात उतरतं. पहिल्यांदा ऐकताना हा उतार अनावश्यक वाटतो. मला तो आता गाण्यापेक्षा जास्त आवडतो.

'आर यू रिसीव्हिंग मी' साडेनऊ मिनिटांचं. नावच बिनतारी संदेशाच्या भाषेतलं: 'ऐकू येतंय का?' म्हणजे 'रडार लव्ह'मधल्या लहरी इथेही आहेत, पण तिथे संदेश पोहोचतो, इथे खात्री नाही. सॅक्सोफोनला इथे मोकळं रान मिळतं. बँडची खरी ताकद ऐकायची तर मी लोकांना आधी हे गाणं लावायला सांगतो.

'सूझी लूनसी' सर्वांत छोटं आणि सर्वांत हलकं, साडेचार मिनिटांच्या आतलं, साठच्या दशकातल्या त्यांच्या पॉप दिवसांची आठवण देणारं. दोन लांब, गडद गाण्यांच्या शेजारी ते थोडं उपरं वाटतं. वाईट नाही, पण याच्याशिवायही अल्बम उभा राहिला असता.

'व्हॅनिला क्वीन' हा शेवट. सुरुवातीला सिंथेसायझरचे बुडबुडे, रिनसचे. त्यानंतर जोरकस भाग, मग मधे सगळं थांबून गिटारचे मऊ सूर, आणि अखेरीस वाद्यवृंद चढत चढत जातो. नऊ मिनिटांच्या पुढचं हे गाणं एका बैठकीत तीन गाणी ऐकल्यासारखं आहे, तरी शिवण दिसत नाही. अल्बम संपल्यावर लगेच दुसरं काही लावू नये असं वाटतं, ते याच्यामुळे.

१२. माझ्याकडच्या रेकॉर्डवर 'सूझी लूनसी' नाहीच. फसवलं गेलो का?

नाही. तुमच्याकडे अमेरिकन आवृत्ती आहे. तिथे 'सूझी लूनसी' काढून 'बिग ट्री, ब्लू सी' घातलं गेलं आणि क्रमही बदलला: 'रडार लव्ह' अगदी आधी. वेळ वाढून चाळिसेक मिनिटं झाली.

'बिग ट्री, ब्लू सी' मूळ १९७० सालच्या अल्बममधलं. 'मूनटॅन'साठी ते पुन्हा वाजवलं, आठ मिनिटांपर्यंत वाढवलं. त्यात बॅरीची बासरी आहे आणि ती फार सुंदर आहे. गाण्याच्या हिशेबात अमेरिकन खरेदीदाराचा फायदाच झाला, हे कबूल करायला हवं. पण क्रमाच्या बाबतीत मी डच आवृत्तीच्या बाजूने आहे. 'रडार लव्ह' पहिलंच लागलं की पुढचं सगळं 'त्यानंतरचं' होऊन बसतं. डच क्रमात तुम्ही दोन लांब गाणी ऐकून, रेकॉर्ड उलटून, एक हलकं गाणं पार करून त्याच्यापाशी येता. तोवर कान तयार झालेले असतात.

१३. दोन वेगवेगळी आवरणं दिसतात. खरं कोणतं?

दोन्ही खरी. मूळ युरोपीय आवरणावर पिसांचा साज केलेली, जवळजवळ विवस्त्र नर्तकी आहे. अमेरिकेत ते बाजारात चालणार नाही असं ठरलं आणि तिथे बँडच्या नावाला धरून कानातल्याचं चित्र आलं. पहिलं आवरण त्या काळच्या रात्रीच्या क्लबांची हवा घेऊन येतं आणि अल्बमच्या नावाशी त्याचं नातं लागतं. दुसरं सभ्य आहे, पण त्यात चांदणं नाही.

१४. आवरण नर्तकीचं, पण गाणी अमेरिकन यादीची, असं होऊ शकतं का?

होऊ शकतं. माझ्याच बाबतीत झालं. डच प्रत म्हणून मागवलेल्या जुन्या रेकॉर्डच्या आवरणातून अमेरिकन तबकडी निघाली. पन्नास वर्षांत आवरणं फाटतात, अदलाबदल होतात, आणि विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणून फोटो मागताना आवरणाचा नको, तबकडीच्या मधल्या लेबलचा मागा. दोन्ही बाजूंचा. लेबलवर 'सूझी लूनसी' असेल तर मूळ यादी, 'बिग ट्री' असेल तर अमेरिकन. सीडी आणि ऑनलाइन आवृत्त्यांत काही ठिकाणी दोन्ही गाणी एकत्र मिळतात. तिथे क्रम स्वतः लावून घ्या (डच क्रम प्रश्न ११ मध्ये आहे त्याप्रमाणे, फक्त 'रडार लव्ह' 'सूझी' आणि 'व्हॅनिला'च्या मधे).

१५. लहानपणी ऐकलेलं 'रडार लव्ह' छोटं होतं, आणि मित्राकडचं फारच लांब. एकच गाणं ना?

बहुधा. अल्बमवर ते सहा मिनिटांच्या थोडं पुढे जातं. रेडिओसाठी आणि छोट्या रेकॉर्डसाठी (बाजूला एकच गाणं मावणारी, म्हणजे 'सिंगल') ते बरंच कापलं गेलं. कापलेल्यात मधला भाग हरवतो आणि प्रश्न १० मधली सगळी मजा तिथेच आहे. फार लांब म्हणजे अकरा मिनिटांच्या आसपास असेल तर ते १९७७ च्या 'लाइव्ह' या दुहेरी अल्बममधलं, लंडनच्या रेनबो थिएटरमधलं असण्याची शक्यता जास्त.

तिसरी शक्यताही आहे. गिटारची चमकदार आतषबाजी आणि ऐंशीच्या दशकाचे घुमणारे ड्रम ऐकू येत असतील, तर ते व्हाइट लायन या बँडने १९८९ साली पुन्हा गायलेलं. आपल्याकडे अनेकांच्या कानावर आधी तेच पडलं आणि मूळ गाणं त्यांना 'रिकामं' वाटतं. ते रिकामेपण हीच तर मूळची श्रीमंती.

१६. द हू या बँडशी यांचा काय संबंध?

दोन संबंध. 'मूनटॅन'च्या आधी गोल्डन इअररिंगने युरोपात द हूच्या दौऱ्यात त्यांच्याआधी वाजवलं. आणि ट्रॅक ही कंपनी द हूचेच व्यवस्थापक किट लँबर्ट आणि क्रिस स्टँप यांची. तिच्यामार्फत 'मूनटॅन' ब्रिटनमध्ये पोहोचला. संगीतातली उसनवारी मात्र मला दिसत नाही. असेल तर एवढीच, की गाणं रंगमंचावर किती लांबवता येतं हे त्यांनी जवळून पाहिलं.

१७. हे 'एका गाण्याचे धनी' आहेत, हे खरं का?

आकड्यांनीच खोटं ठरतं. 'रडार लव्ह' नेदरलँड्समध्ये पहिलं आलं, ब्रिटनमध्ये सातवं, अमेरिकेत १९७४ साली तेरावं. 'मूनटॅन' अमेरिकेच्या अल्बमयादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेला आणि त्याला सुवर्ण तबकडी मिळाली. त्या दौऱ्यांत एरोस्मिथ आणि किस हे बँड त्यांच्याआधी वाजवत होते, हे आज सांगितलं तर कोणाला पटत नाही. आणि १९८२ च्या 'कट' या अल्बममधलं 'ट्वायलाइट झोन' १९८३ साली अमेरिकेत दहाव्या क्रमांकावर पोहोचलं, म्हणजे 'रडार लव्ह'च्याही वर. त्याचा व्हिडिओ डच दिग्दर्शक डिक मास यांचा.

मधल्या वर्षांत अमेरिकेत त्यांना यश टिकवता आलं नाही, हेही तितकंच खरं. 'मूनटॅन'नंतर 'कँडीज गोइंग बॅड' तिथे वेगळं काढलं, ते यादीच्या तळाशी, ९१ व्या क्रमांकावर अडकलं. मला वाटतं, लांब गाण्यांच्या बँडला छोट्या रेकॉर्डच्या बाजारात मोजलं गेलं.

१८. डच बँड, मग गाणी इंग्रजीत का?

डेन हाखच्या त्या पिढीला रॉक इंग्रजीतूनच भेटला. एक सुंदर धागाही आहे. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर तिथून मिश्र डच-इंडोनेशियन कुटुंबं मोठ्या संख्येने नेदरलँड्सला आली, त्यांतली बरीचशी डेन हाखमध्ये. त्यांच्यातल्या टिलमन ब्रदर्ससारख्या वादकांनी पन्नाशीच्या दशकात इतकी जोरकस गिटार वाजवली की त्या संगीताला 'इंडो-रॉक' असं नावच पडलं. शहरातल्या पोरांनी ते पाहिलं, ऐकलं आणि गिटार हातात घेतली. याच शहरातल्या शॉकिंग ब्लू या बँडचं 'व्हीनस' १९७० साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. अ‍ॅमस्टरडॅममध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत जाऊन रॉकमध्ये गाजलेल्या व्हॅन हेलन बंधूंची आईही इंडोच, म्हणजे अशाच मिश्र कुटुंबातली.

१९. हा हार्ड रॉक आहे की प्रोग्रेसिव्ह?

गाभा हार्ड रॉकचा, घडण प्रोग्रेसिव्हची. लांबी, भाग पाडणं, सिंथेसायझर, वाद्यवृंद हे सगळं आहे, पण अवघड मात्रा दाखवण्याची हौस नाही. ठेका कधी सुटत नाही. दुकानात दोन्ही कप्प्यांत शोधा.

२०. गायक बॅरी भारतीय आहे, हे खरं का?

तो जन्माने भारतातला, एवढं खरं. १९४८ च्या ऑगस्टमध्ये उत्तर प्रदेशातल्या फैजाबादला त्याचा जन्म झाला आणि लहानपणीच तो नेदरलँड्सला गेला. कुटुंब भारतीय नव्हतं. 'मूनटॅन'मध्ये भारतीय संगीताचा अंश शोधणारी पत्रं मला येतात. मी पुष्कळदा ऐकलं, मला तो सापडला नाही, आणि ओढूनताणून लावू नये. 'बिग ट्री, ब्लू सी'मधली बासरीही पाश्चात्त्य आडवी बासरी आहे, बांबूची नव्हे.

२१. 'मूनटॅन' आवडला. पुढे काय ऐकू?

मागे जायचं तर १९७१ चा 'सेव्हन टीअर्स' आणि १९७२ चा 'टुगेदर'. 'मूनटॅन'ची तयारी तिथे ऐकू येते. पुढे जायचं तर १९७५ चा 'स्विच'. त्यात कीबोर्डवादक रॉबर्ट यान स्टिप्स आले आणि आवाज अधिक गुंतागुंतीचा झाला. त्यातलं 'किल मी से स्वार' पुढे आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडने गायलं, १९९० साली त्यांच्या 'होली स्मोक' या सिंगलच्या मागच्या बाजूला. मेडनच्या चाहत्यांना मी इथूनच सुरुवात करायला सांगतो. आणि गाण्याची लांबी वाढवणं म्हणजे काय हे समजायचं, तर १९७७ चा 'लाइव्ह' (प्रश्न १५).

थोडं वेगळं म्हणून १९९१ चं 'गोइंग टू द रन'. रशियात आरिया या बँडने ते रशियन भाषेत गायलं आणि तिथे ते इतकं रुजलं की अनेकांना ते मूळ रशियनच वाटतं.

२२. बँड अजून वाजवतो का?

नाही. शेवटचा स्टुडिओ अल्बम २०१२ साली, लंडनमध्ये निर्माते क्रिस किम्सी यांच्यासोबत केलेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये कळलं की जॉर्ज कोयमान्स यांना एएलएस हा स्नायूंवरचा ताबा हिरावणारा आजार झाला आहे. त्यांच्याशिवाय वाजवायचं नाही, असं बाकी तिघांनी ठरवलं आणि साठ वर्षांचा बँड थांबला. जॉर्ज जुलै २०२५ मध्ये गेले. वय ७७.

चौघांचा एकत्र शेवटचा कार्यक्रम १६ नोव्हेंबर २०१९ ला रॉटरडॅमच्या आहॉय सभागृहात झाला होता. तो शेवटचा आहे, हे त्या रात्री सभागृहात कोणालाच माहीत नव्हतं.